फोर्कलिफ्ट धडकलेला खांब आम्ही कसा दुरुस्त केला

चाकणच्या आमच्या शेडमध्ये मधल्या रांगेतल्या खांबाला फोर्कलिफ्ट मागे घेताना धडकली. गुडघाभर उंचीवर फ्लँजची, म्हणजे पोलादी खांबाच्या बाजूच्या रुंद पट्टीची, कड आत दुमडली होती आणि आजूबाजूच्या रंगाचे पापुद्रे निघाले होते. मेंटेनन्सची जबाबदारी माझी. आमचा नेहमीचा फॅब्रिकेटर लगेच म्हणाला, "साहेब, गॅस मारून, म्हणजे ज्योतीने तापवून, दोन घणांत सरळ करून देतो."

मी त्याला थांबवलं. पोलाद ६०० अंश सेल्सिअसला पोचलं की त्याची ताकद निम्म्याच्याही खाली येते. छताचा भार अंगावर असलेल्या खांबाला असा गॅस मारणं म्हणजे छप्पर खाली बोलावणं. त्या ओळीतले रॅक रिकामे केले, पट्टी बांधून रस्ता बंद केला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडमना बोलावलं.

दुमडलेल्या कडेकडे त्या नंतर वळल्या. आधी ओळंबा सोडला, वरपासून खालपर्यंत दोरी ताणली आणि ठरावीक अंतरांवर खांब दोरीपासून किती सरकलाय ते मोजून घेतलं. भार १० टन आणि खांब २० मिमी बाजूला सरकलेला, एवढ्यानेही ०.२ टन-मीटरचा जास्तीचा वाकवणारा जोर तयार होतो, हे त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. त्यात खांब कमकुवत बाजूला वाकलेला असेल तर तो जोर सोसायची त्याची कुवत आणखी कमी.

मग तपासणी बेस प्लेटकडे, म्हणजे खांबाच्या पायाशी वेल्ड केलेल्या प्लेटकडे, गेली. वेल्डवरचा रंग घासून काढला, भेगेत शिरणारा लाल डाय (रंगद्रव) लावला, थोडा वेळ मुरू दिला, पुसून पांढरा डेव्हलपर फवारला. पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटली. मार लागलेल्या जागेपासून लांब, वेल्डच्या कडेलाच. नुसती कड सरळ करून रंग मारला असता तर ही भेग तशीच राहिली असती. म्हणून सांगतो, धक्का जिथे बसला तिथेच शोध संपवू नका. पायातले अँकर बोल्ट, प्लेटीखालचं ग्राउट (भरलेला मसाला), वरचे जोड, ब्रेसिंग (खांबांना आधार देणाऱ्या तिरक्या पट्ट्या), सगळं बघा.

दुरुस्तीआधी खांबाच्या दोन्ही बाजूंना राफ्टरखाली (छताच्या तिरक्या तुळईखाली) चॅनलचे पोलादी टेकू उभे केले. फरशीवर भार पसरावा म्हणून टेकूंखाली जाड प्लेटा दिल्या. हायड्रॉलिक जॅक अगदी सावकाश चढवले. बारीक हालचाल दाखवणाऱ्या डायल गेजचा काटा हलला तसे थांबलो आणि पॅकिंग ठोकून टेकू पक्के केले.

भेग ग्राइंडरने पूर्ण काढली, डाय लावून ती खरंच संपल्याची खात्री केली आणि ओव्हनमध्ये वाळवलेल्या ७०१८ जातीच्या वेल्डिंग रॉडने वेल्ड भरला. फ्लँज तापवताना मर्यादा ६५० अंशांची, आणि ती पाळायला तापमान दाखवणारा खडू. घण नाही, पाणी नाही. हवेतच थंड होऊ दिलं. शेवटी दुमडीच्या वर-खाली पुरेशा लांबीपर्यंत जाड प्लेटा वेल्ड केल्या, पुन्हा दोरी लावली, पुन्हा डाय टेस्ट घेतली, आणि मगच टेकू उतरवले.

मालकांना गार्ड थेट खांबालाच वेल्ड करून हवा होता. मॅडमनी साफ नकार दिला, कारण तसं केलं की पुढचा धक्का सरळ खांबातच जातो. आता काँक्रीट भरलेले पाइप खांबापासून अंतर सोडून स्वतंत्र पायात रोवलेत, रस्त्याच्या कडेच्या प्रत्येक खांबापुढे.