तुम्ही विचारलंत म्हणून: लिनक्स टाकलं, पण लॅपटॉप उघडेना

"काका, विंडोजऐवजी चालणारी ती मोफत सिस्टिम, लिनक्स, टाकलं, सगळं नीट झालं असं म्हणाला, पेन ड्राइव्ह काढून चालू केलं तर काळा पडदा. आता फॉर्मॅटच का?" इंदुरात सुदामा नगरपासून रामबागेपर्यंत ओळखीच्या मराठी घरांतून मला हेच विचारतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला, तेव्हापासून तर जास्तच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. २०१६ चा धडधाकट लॅपटॉप त्यात बसत नाही, आणि ज्यांनी तो बनवला त्यांनी लिनक्सचं नावही कधी काढलेलं नसतं.

तर, फॉर्मॅट करू नका. दुकानात "भैया, फॉर्मॅट मारना पड़ेगा" हे ऐकावं लागतंच, पण ते म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बिघाड असतो एका छोट्या फाइलीत किंवा तिच्या पत्त्यात, आणि पुसले जातात घरातल्या लग्नाचे फोटो.

आधी पडद्यावर काय आलंय ते अक्षरशः वाचून सांगा. "काहीतरी इंग्रजी येतंय" यावरून कुणालाच काही कळत नाही. मोबाइलवर फोटो काढून पाठवा. बटण दाबलं की यूईएफआय फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, जागं होतं, बूटची, म्हणजे सिस्टिम कुठून सुरू करायची त्याची, स्वतःकडची नोंद बघतं, डिस्कवरच्या ईएसपी या छोट्या फॅट३२ पार्टिशनमधली फाइल चालवतं. लिनक्समध्ये तिथून ग्रब हा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, सुरू होतो आणि ग्रब कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उचलतो. हे कुठे तुटलं ते पडदाच सांगतो. 'ग्रब रेस्क्यू' आलं तर ग्रबचा गाभा चालू झालाय, त्याला स्वतःचे मोड्यूल, म्हणजे बाकीचे भाग, सापडत नाहीयेत. नुसतं 'ग्रब' लिहून थांबलं तर मेन्यूची फाइल सापडलेली नाही. दोन्हींमागे बरेचदा विंडोजमध्ये बसून पार्टिशनं इकडची तिकडे करणारा कुणी उत्साही भाचा असतो. मेन्यू दिसला, लिनक्स निवडलं आणि मग अंधार झाला, तर बूटलोडर निर्दोष आहे. संशय ग्राफिक्सवर घ्या आणि मेन्यूतल्या ओळीत 'नोमोडसेट' जोडून बघा.

काहीच न येता थेट विंडोज उघडलं तर? मला सर्वांत जास्त हेच भेटतं. पहिला संशय असा, की विंडोज यूईएफआय मोडमध्ये आहे आणि पेन ड्राइव्ह लेगसी, म्हणजे जुन्या बायॉस पद्धतीच्या, मोडमध्ये सुरू झाला होता. मग इन्स्टॉलर बूटलोडर टाकतो डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये, जिथे कोडला जेमतेम ४४६ बाइट मिळतात, आणि यूईएफआय तिकडे ढुंकूनही बघत नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवा आणि 'सिस'मधल्या 'फर्मवेअर' फोल्डरात 'ईएफआय' आहे का बघा. नसेल तर मोड चुकलाय.

मोड बरोबर असूनही विंडोजच उघडतंय, तर फर्मवेअर हट्टी आहे. काही लॅपटॉपांना विंडोजच्या फाइलीचा रस्ता तेवढा पाठ असतो. नवी नोंद केली की पुढच्या वेळी ती गायब. हा निव्वळ आळशीपणा आहे, आणि यूईएफआयच्या नियमावलीत त्यावर सोय असूनही केलेला. ईएसपीत ईएफआय फोल्डरात 'बूट' नावाचा फोल्डर असतो. दुसरी कुठलीच नोंद चालली नाही तर फर्मवेअरनं तिथली 'बूटएक्स६४.ईएफआय' उघडायची असते. जुनी फाइल बाजूला ठेवून त्या नावानं ग्रबची प्रत तिथे ठेवा. सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेल्याच फाइली चालवू देणारा पहारा, चालू असेल तर त्या नावानं 'शिम', म्हणजे ग्रबच्या आधी चालणारी सही असलेली छोटी फाइल, आणि शेजारी ग्रब. काही मशिनींत फाइलीला 'विश्वासू' ठरवावं लागतं आणि तो पर्याय सुपरवायझर पासवर्ड लावल्याशिवाय उजळतच नाही. तो पासवर्ड वहीत लिहा, कारण विसरलात तर फॉर्मॅट करूनही तो जात नाही.

सिक्युअर बूट बंद करण्याआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजनं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का बघा आणि ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर स्टोरेज इंटेलच्या आरएसटी मोडमध्ये असू शकतं. बायॉसच्या सेटिंगमध्ये ते बदलून एएचसीआय हा साधा मोड करा, पण विंडोजला पुढचं बूट सेफ मोडमध्ये करायला सांगून मग. नाहीतर निळा पडदा.

आणि एकदा जमलं म्हणून निर्धास्त राहू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनं जुने शिम नाकारले आणि जगभर दोन सिस्टिमवाले लॅपटॉप 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' म्हणत बंद पडले. बायॉस अपडेटनंतरही बूटची नोंद उडू शकते. नोंद उडाली असेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स उघडून ग्रब पुन्हा बसवला की बहुतेक वेळा भागतं. तेव्हा तो पेन ड्राइव्ह पुसून त्यात गाणी भरू नका.