वाटसरूंच्या घरापासून लांब नेलेला रस्ता

वाटसरूंच्या जिवावर उभी राहिलेली सराई वाचवायची म्हणून तिच्या दारातली वर्दळच कुणी लांब नेली, असं सांगितलं तर पटेल? मॅसॅच्युसेट्समधल्या सडबरीच्या वेसाइड इनच्या बाबतीत हे घडलं. आणि केलं कुणी, तर साऱ्या अमेरिकेला मोटारीत बसवणाऱ्या हेन्री फोर्डने. बॉस्टनला माझ्याकडे पाहुणे आले की मी त्यांना हट्टाने तिकडे नेते, ते मुख्यतः हे सांगायला.

सुरुवात साधीच होती. डेव्हिड हाउ नावाच्या माणसाने १७१६ मध्ये आपल्या छोट्याशा घरात वाटसरूंना उतरवून घ्यायचा परवाना काढला. टपालाचा मोठा रस्ता दारावरूनच जायचा. त्याचा मुलगा इझिकिएल याने धंदा वाढवला. १९ एप्रिल १७७५ रोजी, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्याच दिवशी, इंग्रजांशी लढायला सडबरीचे जे लोक जवळच्या काँकर्ड गावी गेले, त्यांच्या पुढाऱ्यांमध्ये तो होता. मग ॲडम, मग लायमन. लायमनने लग्न केलं नव्हतं. १८६१ मध्ये तो गेला, घर नातेवाइकांकडे आलं आणि चार पिढ्यांची ही सराई मुक्कामासाठी बंद झाली.

पुढच्याच वर्षी कवी लाँगफेलो तिथे आला. त्याची पत्नीही १८६१ मध्येच भाजून गेली होती. मालक गेलेल्या त्या घरात त्याने कल्पनेने शेकोटीभोवती माणसं बसवली, प्रत्येकाला एकेक गोष्ट दिली, आणि १८६३ मध्ये ‘टेल्स ऑफ अ वेसाइड इन’ छापून आलं. पहिली गोष्ट सांगतो तो मालक, म्हणजे लायमनच. गोष्ट कोणती? इंग्रज फौज निघाल्याची खबर द्यायला रात्री घोड्यावरून निघालेल्या पॉल रिव्हिअरच्या दौडीची, म्हणजे ज्या धामधुमीत लायमनचा सख्खा आजा इझिकिएल उतरला होता तिच्या आदल्या रात्रीची! हे लक्षात आलं तेव्हा ती कविता मी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

पुस्तक गाजलं, लोक जागा शोधत येऊ लागले आणि सराईला नाव मिळालं तेसुद्धा पुस्तकावरून. १९२३ मध्ये फोर्डने ती विकत घेतली, भोवतालची हजारो एकर जमीनही घेतली. मोटारींच्या वर्दळीने जुनं घर हादरू नये म्हणून त्याने वळणरस्ता बांधून घेतला. पाण्यावर चालणारी दगडी गिरणी १९२९ मध्ये उभी केली. १९३८ च्या वादळात उन्मळलेल्या झाडांच्या लाकडातून प्रार्थनाघर बांधलं. हे सगळं नव्याने रचलेलं ‘जुनं’ आहे, अशी टीका होते, ती खोटी नाही. पण ती गिरणी खरोखर दळण दळते, आणि माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

डिसेंबर १९५५ मध्ये आग लागली आणि इमारतीचा मोठा भाग जळाला. फोर्ड तेव्हा हयात नव्हता, पण फोर्ड फाउंडेशनने पैसे दिले आणि १९५८ मध्ये दारं पुन्हा उघडली. कवितेने दिलेलं नाव नसतं, तर एका खेड्यातल्या जळक्या सराईसाठी इतका खर्च कुणी केला असता असं मला वाटत नाही.

आजही तिथे जेवायला मिळतं, राहायलाही मिळतं. जाणार असाल तर गाडी लावून दारासमोरच्या जुन्या रस्त्याने गिरणीपर्यंत पायी जा. मोठी वाहतूक फोर्डच्या वळणरस्त्याने जाते, त्यामुळे लहान मुलं बरोबर असली तरी निवांत चालता येतं.