दहाही कॉलममध्ये तोच दर

गेल्या आठवड्यात एका कंपनीची एक्सेल शीट माझ्याकडे तपासायला आली. परदेशात उपकंपनी काढून माल तिथेच बनवायचा बेत होता. दहा वर्षांचा हिशोब मांडलेला, खाली एनपीव्ही (पुढची सगळी कमाई आजच्या किमतीत मोजून त्यातून गुंतवणूक वजा केल्यावर उरणारा आकडा) घसघशीत. मी सवयीप्रमाणे आधी विनिमय दराची ओळ गाठली. दहाही कॉलममध्ये एकच आकडा. आणि चार ओळी वर विक्रीची किंमत मात्र दरसाल २० टक्क्यांनी चढवलेली, कारण त्या देशात महागाईच तेवढी आहे.

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती दिसत नाही. तिथे महागाई २० टक्के आणि मूळ कंपनीच्या देशात ५ टक्के असेल, तर १.०५ भागिले १.२०, म्हणजे तिथलं चलन दरसाल साधारण साडेबारा टक्क्यांनी उतरेल असं धरायला हवं. दहाव्या वर्षी त्याची किंमत आजच्या जेमतेम २६ टक्के उरते. म्हणजे शेवटच्या वर्षाची कमाई शीटमध्ये जवळपास चौपट फुगली होती! महागाई धरायची तर किंमत आणि दर, दोन्हींत धरा. नाहीतर दोन्हींतून काढा.

शिवाय चलन असं शिस्तीत उतरतही नाही. सरकार दर धरून ठेवतं आणि मग तो एकदम सुटतो. अर्जेंटिनात डिसेंबर २०२३ मध्ये एका डॉलरचा अधिकृत दर सुमारे ३६६ पेसोंवरून थेट ८०० वर नेला गेला. त्याआधी, २०१९ पासून, तिथून लाभांश बाहेर न्यायला मध्यवर्ती बँकेची परवानगी लागत होती. कारखाना नफ्यात असूनही पैसा तिथेच अडकून पडतो, तो असा.

म्हणून मी नेहमी विचारते, मूळ कंपनीच्या खात्यात जमा काय होणार? समजा उपकंपनीला १०० नफा झाला. २५ टक्के कर गेला, राहिले ७५. लाभांश पाठवताना १० टक्के कापले गेले, हातात साडेसदुसष्ट. याच देशात आज आपण निर्यात करतो आणि त्यातून कर वजा जाता २० मिळतात. कारखाना सुरू झाला की ते थांबणार. उरले साडेसत्तेचाळीस. या शीटमध्ये निर्यातीची ओळच नव्हती. उलट बाजूही खरी आहे: उपकंपनीला विकलेले सुटे भाग आणि तिच्याकडून येणारी रॉयल्टी ही मूळ कंपनीचीच कमाई, तीही धरायला हवी.

करसवलतीवर फार भिस्त ठेवू नका. ७५ कोटी युरोंच्या वर उलाढाल असलेल्या समूहांसाठी बऱ्याच देशांनी किमान १५ टक्के कराचा नियम लागू केलाय. तिथे वाचलेला कर दुसरीकडे भरावा लागू शकतो.

दर दुरुस्त करून निर्यातीची ओळ घातली, तर एनपीव्ही शून्याच्या खाली गेला. मी "नको" असं लिहिलं नाही. आधी भाड्याची शेड घ्या, सुटे भाग इथून पाठवून तिथे फक्त जोडणी करा, आणि मशीनिंगचा, म्हणजे सुटे भागही तिथेच घडवण्याचा, निर्णय दोन वर्षांनी घ्या, असं सुचवलं. काल त्यांचा फोन आला: जोडणीपुरती वेगळी शीट करताहेत, आणि या वेळी दराची ओळ मी भरून द्यावी असं म्हणताहेत.