शौचातलं टॉक्सिन शोधणाऱ्या किटची पडताळणी: मिरजेतला अनुभव

अँटिबायोटिकनंतर जुलाब लागले की डॉक्टरांना क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या आतड्यातल्या जिवाणूची शंका येते. त्याची टॉक्सिन ए आणि बी ही विषं शोधणारं एलायझा किट (अँटिबॉडी वापरून रंगावरून निकाल देणारी चाचणी) रोजच्या कामात घेण्याआधी पडताळताना माझा निम्मा जीव नमुन्यांतच अडकला होता.

घट्ट शौच घेऊच नये. डबीचा आकार घेईल इतकं पातळ हवं, कारण जुलाब नसलेल्या माणसाच्या आतड्यातही हा जिवाणू निवांत राहतो. वर्षाच्या आतली बाळंही याच कारणाने वगळली. टॉक्सिन मात्र फार नाजूक. साध्या खोलीत दोन तासांत ते सापडेनासं होऊ शकतं, मग एप्रिलच्या उन्हात जतहून बर्फाशिवाय आलेल्या डबीचं काय! असा नमुना हिशेबातच धरत नाही. नमुना २ ते ८ अंशांवर ठेवून २४ तासांत तपासायचा. थांबावं लागणार असेल तर छोट्या नळ्यांत वाटून उणे ७० अंशांवर. उणे २० पुरत नाही, आणि तीच नळी पुन्हा पुन्हा वितळवली तर टॉक्सिन घटतं.

चाचणी लावताना चिकट, शेंबडासारखा नमुना पिपेटमध्ये अडकतो आणि माप कमी पडतं. टिपचं टोक कापून घ्यावं. धुणं अपुरं झालं की निगेटिव्ह कंट्रोलही, म्हणजे टॉक्सिन नसलेला तुलनेचा नमुनाही, पॉझिटिव्हसारखा पिवळा पडतो. मग ती पूर्ण प्लेट बाद.

तुलना कशाशी करायची, हा खरा निर्णय. पीसीआर टॉक्सिनचं जनुक पाहतो, टॉक्सिन नाही. जनुक असून टॉक्सिन न बनलेला नमुनाही त्यात पॉझिटिव्ह येतो, म्हणून त्याला प्रमाण मानलं की एलायझा उगाच कमजोर ठरते. माझ्या मते प्रमाण म्हणून व्हेरो पेशींवरची (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी) चाचणीच धरावी: शौचाचा गाळलेला अर्क घातल्यावर ४८ तासांत पेशी गोल होतात, आणि टॉक्सिन निकामी करणारं अँटिटॉक्सिन घातलेल्या जोडीच्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) शाबूत राहतात. दोन्ही दिसलं तरच पॉझिटिव्ह.

टक्केवारीने हुरळू नये. समजा २०० नमुन्यांत २० खरे रुग्ण आहेत, संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांना पॉझिटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ८० टक्के, विशिष्टता (आजार नसलेल्यांना निगेटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ९५ टक्के. मग १६ रुग्ण सापडतात, ४ सुटतात, आणि हा आजार नसलेले ९ जण पॉझिटिव्ह येतात. म्हणजे २५ पॉझिटिव्हपैकी खरे १६च. म्हणून आधी जीडीएच (या जिवाणूचं एन्झाइम शोधणारी चाचणी), मग टॉक्सिन, आणि दोन्ही जुळले नाहीत तर पीसीआर, हाच क्रम आम्ही ठेवला.

न जुळलेले नमुने तेवढेच पुन्हा तपासले तर आकडे किटच्या बाजूने झुकतात. जुळलेल्यांतलेही काही, आधीचा निकाल झाकून, सोबत लावावेत.