तुम्ही नेमक्या कुणाच्या?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा प्रश्न मी बरीच वर्षं हसून टाळतेय. लग्नात, बारशाला, लिफ्टमध्ये, कुठेही गाठतात. "एवढं बोलता राजकारणावर, पण तुम्ही नेमक्या कुणाच्या?" म्हणजे यांच्या की त्यांच्या. सरकारवर काही बोलले की मी त्यांची, आणि 1975 ची आणीबाणी कुणी लादली ते पण आठवा जरा असं म्हटलं की लगेच यांची. एकदा तर एकाच संध्याकाळी आमच्या बिल्डिंगमधल्या एकाच काकांनी मला दोन्हीकडे ढकलून झालं.

तर, मत मी न चुकता देते आणि कुणाला ते सांगत नाही. मतदान गुप्त ठेवलंय ते उगाच नाही. पण राजकारणाबद्दल माझं मत काय, असं विचारलंत तर ते एवढंच आहे की दिल्लीवर भांडणं आपल्याला आवडतं कारण त्यात आपल्याला उठून काहीच करावं लागत नाही.

हे काही मला वाचून वगैरे सुचलेलं नाही, फजिती झाली त्यातून सुचलं. 2023 ची गोष्ट, गणपतीच्या आधी आमच्या गल्लीतले रस्त्यावरचे दिवे बंद पडले होते, पंधरा दिवस झाले तरी तसेच, म्हणून मी तरातरा नगरसेवकाच्या ऑफिसात गेले, आज याला सुनावायचंच असं ठरवून. त्यांनी बसवलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, मी माजी आहे. दीड वर्ष होत आलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकसभेत कुठल्या बिलावर कोण काय बोललं ते मला तोंडपाठ, आणि माझ्या शहराला नगरसेवकच नाहीत हे मला दीड वर्ष माहीत नव्हतं.

मग घरी येऊन शोधाशोध केली. मुंबई, पुणे आणि आमच्यासारख्या कितीतरी महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपलेली. घटनेचं कलम 243 यू सरळ सांगतं की महापालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक झाली पाहिजे. पण ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचना, वॉर्ड किती ठेवायचे, सगळं कोर्टात अडकलं आणि पालिकेवर प्रशासक बसला. म्हणजे आयुक्तच बजेट मांडणार आणि मंजूरही तेच करणार, विचारायला सभागृहच नाही. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं सुनावलं तेव्हा कुठे चक्रं हलली आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. पावणेचार वर्षं! या काळात राज्यात दोन्हीकडची सरकारं होऊन गेली, त्यामुळे बोट दाखवायला एकच बाजू पण मिळत नाही, आणि मला वाटतं म्हणूनच कुणी फारसं भांडलं नाही.

दिव्यांचं म्हणाल तर मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, आपल्या राज्यात विषय एकच आणि तोही दीडशे शब्दांत (माझ्यासारखीला दीडशे शब्द म्हणजे शिक्षाच), तीस दिवसांत उत्तर. दुरुस्तीचं काम कुणाला दिलंय आणि शेवटचं कधी झालं एवढंच विचारलं. सोबत निवेदन पण द्यावं म्हणून कागद वॉचमनच्या टेबलावर ठेवला, आठ दिवस. चार सह्या झाल्या, त्यातली एक वॉचमनची, आणि त्यांचं मतदार यादीत नाव आहे गावाकडे. त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर देश कुठे चाललाय यावर मारामारी चालली होती, दोघं तर ग्रुप सोडून गेले. उत्तर विसाव्या दिवशी आलं. दिवे त्याच्या आधीच लागले होते, अर्ज पोचल्यावर चार दिवसांत. योगायोग असेल.

आता कुणी म्हणेल की म्हणजे देशाचं राजकारण सोडून गटारं आणि दिवे बघत बसायचं का. नाही हो. देशाचं पण विचारा, पण कुणाला विचारताय ते तरी बघा. आपण खासदार निवडतो, तो दिल्लीत आपलं म्हणणं मांडेल असं धरून चालतो, पण 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानं त्याचे हात बांधलेत. पक्षानं व्हिप काढला की तसंच मत द्यायचं, विरोधात दिलं किंवा गैरहजर राहिलं तर खासदारकी जाऊ शकते. आयाराम-गयाराम थांबावेत म्हणून केलेला कायदा. तो एकेकटा फुटणाऱ्याला पकडतो आणि घोळक्यानं फुटणाऱ्यांना वाट सापडते. 2022 आणि 2023 मध्ये महाराष्ट्रात दोन पक्षांचं काय झालं ते आपण बघितलंच, अपात्रतेचा निर्णय विधानसभेच्या अध्यक्षांकडे, आणि अध्यक्ष शेवटी कुठल्यातरी पक्षाचेच. माझं म्हणणं असं की व्हिप फक्त सरकार टिकवायच्या नि पाडायच्या मतदानाला आणि बजेटला असावा, बाकी बिलांवर खासदाराला डोकं वापरू द्यावं, मग मी त्याला पत्र लिहून विचारू तरी शकेन की बाबा तू असं मत का दिलंस. आत्ता विचारलं तर "पक्षाचा आदेश" म्हणून तो मोकळा आणि त्याला शिव्या घालून आपणही मोकळे.

हे मी त्या काकांना एकदा सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मान डोलावली. मग मीच विचारलं, काका, आपल्या प्रभागात आता चार नगरसेवक आलेत, नावं सांगा बघू. दोन सांगितली, त्यातलं एक त्या माजींचं. मग म्हणाले, "ते जाऊ दे गं, तू कुणाची ते सांग."