वाकळीची रोजनिशी: घरी थोडी थोडी, सेवाग्रामला भरपूर

मंगळवार, रात्री

आज क्रोशाच्या ब्लँकेटचे बरेच चौकोन झाले. हे काम मला घरीच जमतं, कारण चौकोन हातात मावतो, कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत एक फेरी, मुलीच्या व्हॅनला उशीर असला की गेटजवळ उभ्या उभ्या अर्धी, आणि आई (म्हणजे सासूबाई) सिरियल बघत असल्या की त्यांच्याशेजारी बसून दोन फेऱ्या आरामात होतात. मधे गोल, त्यात तीन-तीन खांबांचे (म्हणजे उंच टाक्यांचे) चार गट, कोपऱ्याला दोन साखळ्या, पुढच्या फेरीपासून प्रत्येक कोपऱ्यात दोन गट घालत गेलं की चौकोन आपोआप चौकोन राहतो. हाताला पाठ झालंय आता, डोळे टीव्हीकडे असले तरी चालतं.

वाकळीचं, म्हणजे गोधडीचं, तसं नाही न. ती पसरायला जागा पाहिजे, आणि पसरली की कुणी तरी येऊन म्हणणार, अगं उचल, पाटा-वरवंटा घ्यायचाय, अगं उचल, मला अभ्यासाला बसायचंय. पलंगावर पसरली तर रात्री आवरावी लागते आणि आवरताना मांडणी मोडते. त्यामुळे तुकडे कापून, धुऊन, इस्त्री करून गठ्ठे बांधलेत, पण थर काही लागत नाहीयेत. शनिवारी सेवाग्रामला शिबिराला चाललोय आम्ही विणणाऱ्या-शिवणाऱ्या मैत्रिणी, सगळा भर तिथंच ठेवलाय.

गठ्ठा आज पुन्हा सोडून बघितला, काम नव्हतं तरी. आजीचं नऊवारी लुगडं आहे, इतकं धुतलेलं की बोटांमधून पाण्यासारखं सरकतं. माझ्या आईच्या दोन सुती साड्या, बाबांचे सदरे, मुलीचे लहानपणचे फ्रॉक. आणि एक जाड पांढरा कपडा, तो आजोबांचा. आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होते. १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेली मिल, २००२ मध्ये बंदच झाली, आता तिथं मॉल उभा आहे आणि मुलीला ते फक्त पिक्चर बघायचं ठिकाण म्हणून माहीत आहे. त्या कपड्याच्या काठाला मिलचा निळा शिक्का आहे. अक्षरं पसरलीत, उजेडाकडे धरलं तरच कळतं की तिथं काही तरी छापलेलं होतं. तो तुकडा मी कापणार नाहीये. शिक्का वर येईल असाच लावणार, वाकळीच्या एका कडेला, जिथं हात जातो.

शुक्रवार

लोकर आणायला इतवारीत गेले. विधिमंडळाचं अधिवेशन सुरू असल्यामुळे बर्डीकडचे (सीताबर्डीचे) रस्ते ठिकठिकाणी बंद, गाडी काढायचा प्रश्नच नव्हता, सरळ मेट्रोनं गेले आणि चितार ओळीला उतरून चालत गांधीबाग, पुढे इतवारी. थंडी पडली की त्या बाजूला चालायला मजा येते, ऊन अंगाला बरं वाटतं, संत्र्याचे ढीग लागलेले असतात.

मोहरी रंगाची लोकर पाहिजे होती बॉर्डरला. दुकानदार काका जुने आहेत, त्यांनी विचारलं किती लागेल, मी म्हटलं बघू, पुन्हा येईन. तर म्हणाले, "बाई, घ्यायची तर एकाच वेळी घेऊन टाका, पुन्हा याल तेव्हा हा लॉट राहून नाही राहिला." अगदी बरोबर आहे त्यांचं. गुंड्याच्या कागदावर रंगाचा नंबर वेगळा आणि लॉटचा नंबर वेगळा असतो, रंग तोच असला तरी दुसऱ्या लॉटची रंगाई जराशी उन्नीस-बीस होते, गुंडे शेजारी ठेवले तर दिसत नाही आणि विणून झाल्यावर ब्लँकेटवर पट्टा उमटतो. क्रोशा शिकणाऱ्या प्रत्येकीला हे पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे, टाका नंतर शिकवला तरी चालेल.

गुंडे जास्तीचे घेतले. उरले तर टोपी होईल.

शनिवार, सेवाग्राम

सकाळच्या ट्रेननं निघालो, साधारण पंच्याहत्तर किलोमीटर, गप्पांमध्ये कळलं पण नाही. आमच्यात एक रिटायर्ड गणिताच्या बाई, एक बँकेतली, एक नुकतीच लग्न होऊन आलेली, आणि कॉलनीतल्या काकू, ज्यांच्या घरी आम्ही एरवी जमतो. कुणाला काही शिकवायचं नाही, कुणाचं भाषण नाही, फक्त आपापलं अर्धवट काम घेऊन यायचं आणि करायचं, एवढाच नियम आहे. सामानात कपडे कमी आणि कापडं जास्त.

यात्री निवासात उतरलो. खोलीतल्या खाटा भिंतीला लावल्या, फरशी पुसून कोरडी केली, आणि दुपारी वाकळ घातली. मला हेच लिहायचंय नीट, म्हणजे पुढच्या वेळी विसरायला नको.

सगळ्यात खाली अस्तर, उलटी बाजू वर. त्याचे चारही कोपरे चार जणींनी धरले आणि ताणलं, पण टराटरा नाही, सुरकुती जाण्यापुरतंच, फार ताणलं तर सोडल्यावर कापड आखडतं आणि वरचे थर फुगतात. त्यावर आजीचं लुगडं दुहेरी करून. आमच्याकडे आत कापूस घालायची पद्धत नाही, जुनं सुती कापडच थरावर थर, आणि नागपूरला तेच बरोबर आहे. बाजारातल्या क्विल्टमध्ये पॉलिएस्टरचा थर असतो, तो जानेवारीत ठीक, पण मे महिन्यात रात्रभर कूलर चालतो आणि पहाटे चारला अंगावर काही तरी पातळ पाहिजे असतं, तेव्हा अशी धुऊन धुऊन मऊ झालेली वाकळच कामाची. घाम शोषते, अंगाला चिकटत नाही. मिक्स कापड म्हणूनच एकही घेतलं नाहीये, सुती आणि टेरीकॉट शेजारी शेजारी आले की धुतल्यावर एक आटतं आणि एक नाही, सगळी शिवण ओढल्यासारखी दिसते.

मग वरचे तुकडे मांडले. इथं सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो गेलाच पाहिजे होता. घरी मी एकटी मांडते तेव्हा जवळून बघते, एकेक तुकडा छान दिसतो. इथं बँकवाली खाटेवर उभी राहिली आणि वरून म्हणाली, ताई, सगळा गडद रंग एका बाजूला गेलाय. खरंच गेला होता. बाबांचे सदरे सगळे उजवीकडे. मग उचला, इकडचे तिकडे, फ्रॉकचा गुलाबी मधे नको, कोपऱ्याकडे सरकवा, आजोबांचा पांढरा कुठे शोभेल. चार डोक्यांचं ऐकलं पण शेवटचा शब्द माझा होता, आणि सगळ्यांनी तो राहू दिला, हे मला फार आवडलं.

मांडणी ठरल्यावर मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला कच्चे टाके घातले, तळहातानं हवा काढत काढत, चौघी चार दिशांना. काकूंनी सुया ओवून ओळीनं उशीला टोचून ठेवल्या होत्या त्यामुळे कुणाला थांबावं लागलं नाही. त्या सांगत होत्या, पूर्वी उन्हाळ्यात आंगणात अशाच बसायच्या बाया, "एकीची वाकय, पण साऱ्याइचे हात." घरी मला कच्च्या टाक्यांना आठवडा लागला असता आणि तोवर मांडणी टिकली नसती. दिवेलागणीपर्यंत सगळी वाकळ टाचून झाली. उचलून उभी धरली तरी एक तुकडा हलला नाही.

संध्याकाळी आश्रमात प्रार्थनेला गेलो. गांधीजी १९३६ मध्ये इथं राहायला आले तेव्हा हे शेगाव नावाचं खेडं होतं. बापू कुटीची माती, बांबू, कौलं बघितली की मला दर वेळी हेच वाटतं की हातानं केलेल्या गोष्टीत दुरुस्तीची जागा असते, सारवता येतं, कौल बदलता येतं. वाकळीला ठिगळ लावता येतं तसंच.

रविवार, सेवाग्राम

आज क्रोशाचा दिवस. नव्या नवरीनं गोल रुमाल आणला होता, त्याच्या कडा लाटा लाटा होऊन वर यायच्या, इस्त्री केली तरी बसायच्या नाहीत, बिचारी उसवायच्या बेतात होती. गणिताच्या बाईंनी तो हातात घेतला आणि फेरीतले खांब मोजले. मग वहीत लिहून दाखवलं: खांबाचा गोल सपाट राहायचा असेल तर पहिल्या फेरीत १२, दुसरीत २४, तिसरीत ३६, म्हणजे दर फेरीला १२ वाढवायचे. मुक्या खांबाची उंची कमी म्हणून तिथं दर फेरीला ६ पुरतात. त्याहून कमी वाढवले तर कडा आत वळून वाटी होते, जास्त वाढवले तर झालर. दोरा, हूक आणि हाताचा ताण यानं थोडं मागेपुढे होतं, पण हिशोब हाच.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून सगळ्यांचे हात थांबले. ही झालर म्हणजे चक्क भूमिती आहे म्हणे. हायपरबोलिक नावाचा पृष्ठभाग असतो, तो गणितवाल्यांना कागदावर समजावणं कठीण जायचं, कागदाची मॉडेल फाटायची. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डाईना टायमिना नावाच्या लॅटव्हियाच्या बाईंनी तो क्रोशानं विणला, ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत गेल्या, बस. विद्यार्थ्यांना हातात धरून घडी घालून बघता यायला लागला. नवरीनं रुमाल उसवला नाही. ती म्हणाली, मी अजून वाढवते, बघू कुठवर जातो, आणि दुपारपर्यंत त्याचं मोठ्ठं कोबीचं फूल झालं होतं, इतकं सुंदर!

माझे चौकोन मी इथं जोडायला काढले नाहीत, मुद्दाम. सगळे खाटेवर मांडले, क्रम लावला, प्रत्येक ओळीच्या चौकोनांमधून एक दोरा ओवून गाठ मारली आणि कागदाची चिठ्ठी लावली, ओळ १, ओळ २. आता घरी कुकरच्या शिट्ट्यांमध्ये ओळीओळीनं जोडता येतील, विचार करावा लागणार नाही. मला वाटतं शिबिराला येऊन नुसतं टाके घालत बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं, टाके घरी होतातच. जे ठरवावं लागतं, ज्याला फरशी लागते, दुसऱ्याचे डोळे लागतात, ते इथं उरकून घ्यावं. बँकवालीचं मत वेगळं आहे, तिला सलग चार तास हात चालवायला मिळणं हेच सुख, घरी तिला चार मिनिटं मिळत नाहीत. तिचंही खरंच आहे.

परतताना वर्ध्याला मगनवाडीत मगन संग्रहालयात गेलो, १९३८ सालचं, जुने चरखे बघितले, आणि नैसर्गिक रंगाची खादी घेतली, नीळ. वाकळीच्या काठाला. हातात घेतल्यावर कळतं, सूत एकसारखं नसतं, मधेच जाड, मधेच बारीक, म्हणून सुई पण त्यातून वेगवेगळी जाते.

बुधवार, घरी

वाकळ आता घडी करून मांडीवर घेता येते! टाचलेली असल्यामुळे जेवढा भाग शिवायचा तेवढाच उघडायचा, बाकी गुंडाळी. अभ्यासाच्या टेबलाशेजारी खुर्चीत बसून आज दोन ओळी धावदोरा घातला, ओळींमध्ये एका बोटाचं अंतर. आई टीव्ही बंद करून बघायला आल्या, लुगड्याचा काठ कुठे आतून दिसतो का ते चाचपत बसल्या, आणि मग म्हणाल्या, माझं एक पातळ आहे, घेशील का. या वाकळीत आता जागा नाही पण घेतलं मी, पुढच्या वाकळीचं पहिलं कापड म्हणून वेगळं ठेवलं.

कोपऱ्यांचं काकूंनी सुचवलंय. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बाया जी कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, शिवतात ती कडेकडून आत आत शिवत नेतात, आणि चारही कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात, ती लावल्याशिवाय त्यांच्या लेखी कवंदी पूर्णच होत नाही. माझी पद्धत वेगळी आहे पण फुलं मला पाहिजेत. मुलीच्या गुलाबी फ्रॉकचे तुकडे उरलेत, ते चार कोपऱ्यांना पुरतील.

ब्लँकेटची ओळ १ आणि २ जोडली. ओळ ३ उद्या, व्हॅन यायच्या आधी.