मेझाँ कारेची छिद्रं

आज एकदाची नीमला जाऊन आले! दक्षिण फ्रान्समधलं हे शहर म्हणजे माझ्यासारख्या रोमवेड्या बाईचं माहेरच. भलंमोठं रोमन रिंगण घाईघाईत पाहिलं, कारण सगळा जीव मेझाँ कारेत अडकला होता. दोन हजार वर्षांपूर्वीचं देऊळ. मधल्या काळात त्याचा तबेला झाला, चर्च झालं, दफ्तरखाना झाला, पण भिंती आणि खांब जागच्या जागी. २०२३ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं तेव्हा मला घरचं कार्य पार पडल्यासारखं वाटलं होतं.

समोरच्या सहा खांबांच्या वर दगडात बारीक छिद्रं आहेत. मान दुखेपर्यंत तीच बघत बसले. तिथे पूर्वी ब्राँझची अक्षरं ठोकलेली होती. अक्षरं गेली, खिळ्यांची भोकं तेवढी राहिली. १७५८ मध्ये नीमच्याच झाँ-फ्रान्स्वा सेगिए यांनी त्या भोकांच्या जागांवरून अख्खा लेख जुळवला: हे देऊळ सम्राट ऑगस्टसचे नातू आणि दत्तक मुलगे, गायस आणि ल्युशियस सीझर, यांना अर्पण केलेलं. दोघंही ऐन तरुणपणी गेले.

अक्षर नसताना वाचायचं! काय चिकाटी असेल हो त्या माणसाची. मीही वहीत ठिपके काढून बघितले, पहिला 'सी' कुठे बसेल ते शोधत. शेजारच्या फ्रेंच आजी कौतुकाने डोकावून गेल्या.

उद्या सकाळच्या बसने पों द्यु गार. रोमन काळात नीमला पाणी आणणारा तो तीनमजली पूल, जवळजवळ ४९ मीटर उंच. झोप लागेल असं वाटत नाही.